रात्रीच्या लघवीचे मोजमाप : बेळगावकडील एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पन्नाशी उलटलेला पुरुष रात्री चार वेळा लघवीला उठतो असे सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या, आणि बरेचदा डॉक्टरच्याही, तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘प्रोस्टेट’ हाच. येथे मांडलेल्या प्रकरणात मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाभोवती असणारी ही प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होतीच, त्याविषयी वाद नाही. मात्र त्या वाढीने तक्रारीचा किती भाग समजतो आणि किती उरतो, हे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळले नाही. आणि जो भाग उरला त्याचा माग काढत गेल्यावर तो कंबरेचा घेर, रक्तातील साखर, पायांवरची सूज आणि झोपेतले घोरणे यांच्यापाशी जाऊन पोहोचला. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि त्यांची तक्रार

रुग्ण ५६ वर्षांचे, राहणारे बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यातले, उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत स्वतःचे लहानसे लेथचे वर्कशॉप चालवणारे. जुलै महिन्यात, खानापूरकडे पावसाने जोर धरलेला असताना, ते पत्नीसह आले. त्यांच्या पिशवीत बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज अशा तीन ठिकाणचे कागद होते, जे सीमाभागातल्या रुग्णाच्या बाबतीत नवलाचे नाही. एका गावचा निष्कर्ष दुसऱ्या गावच्या डॉक्टरने वाचलेला असतोच असे मात्र नाही. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते : “दिवसा कसंबसं निभावतं डॉक्टर, रातीला मात्र नुसती उठबस करूलोय.”

तक्रार सुमारे दीड वर्षाची होती. रात्री चार वेळा उठावे लागे, दिवसा दर दीड-दोन तासांनी जावे लागे, एकदा भावना झाली की थांबणे कठीण होई, धार पूर्वीपेक्षा बारीक झाली होती आणि उरकल्यावरही काहीतरी शिल्लक राहिल्यासारखे वाटे. रक्त पडणे, जळजळ, ताप, लघवी पूर्ण अडणे यांपैकी काहीही झालेले नव्हते. वर्षभरापूर्वी रक्तदाबासाठी अॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम सुरू झाले होते आणि पुढे ते १० मिलिग्रॅमपर्यंत वाढवले गेले होते. लघवीसाठी टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम दोन महिने घेऊन त्यांनी आपणहून सोडले होते. कारण विचारता, रात्रीच्या फेऱ्यांत काही फरक पडला नाही आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई, असे उत्तर मिळाले. धारेत फरक पडला होता का, असे विचारल्यावर ते थोडे थांबले आणि “धार बरी होती, पण झोपेचं काय?” असे म्हणाले. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले.

लघवीच्या त्रासाची आंतरराष्ट्रीय गुणपत्रिका सात प्रश्नांची असते, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र. हे गृहस्थ वर्कशॉपमध्ये कन्नड सफाईने बोलतात, पण वाचतात मराठीच, म्हणून छापील इंग्रजी तक्ता त्यांच्या हाती न देता प्रत्येक प्रश्न मराठीत विचारून गुण भरले. एकूण गुण १७ झाले : रात्री उठण्याला ४, वारंवारता, घाई आणि बारीक धार यांना प्रत्येकी ३, मूत्राशय रिकामे न झाल्याच्या भावनेला २, धार तुटणे आणि जोर लावणे यांना प्रत्येकी १. उरलेले आयुष्य असेच गेले तर कसे वाटेल, या आठव्या प्रश्नाला त्यांनी ६ पैकी ५ दिले. बेरजेपेक्षा तिची फोड अधिक बोलकी होती, कारण १७ पैकी १० गुण वारंवारता, घाई आणि रात्री उठणे या साठवणुकीच्या लक्षणांचे होते, आणि केवळ वाढलेल्या ग्रंथीच्या अडथळ्याने ती लक्षणे समजून घेताना ओढाताण होते.

तपासणीत काय आढळले

उंची १६७ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबरेचा घेर १०४ सेंटिमीटर, रक्तदाब १४६/९२. दोन्ही घोट्यांवर बोट दाबले की खळगा पडत होता. सँडलच्या पट्ट्यांचे वळ संध्याकाळपर्यंत उमटतात हे त्यांना ठाऊक होते, पण उभ्याचे काम असल्याने ते त्याला धंद्याचाच भाग समजत होते. गुदद्वारातून केलेल्या तपासणीत ग्रंथी गुळगुळीत, सारखी आणि मध्यम वाढलेली लागली, कोठेही कठीण गाठ नव्हती. प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीत पीएसए १.८ होते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम (प्रौढ पुरुषात साधारण २० ते २५), लघवीनंतर मूत्राशयात उरलेले मूत्र ७० मिलिलिटर आणि यकृतावर चरबी. धारेच्या वेगाच्या चाचणीत २१० मिलिलिटर लघवी झाली आणि कमाल वेग सेकंदाला ११.२ मिलिलिटर आला. हा वेग १५ च्या वर असला तर अडथळ्याची शक्यता कमी आणि १० च्या खाली असला तर जास्त मानतात. म्हणजे हे गृहस्थ नेमके अधल्यामधल्या पट्ट्यात होते.

उपाशीपोटी साखर १४८, जेवणानंतर २३६, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ७.९ टक्के, रक्तातील चरबीपैकी ट्रायग्लिसराइड २२८ आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३४. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन १.० होते, म्हणजे ठीक. लघवीत संसर्ग नव्हता, साखर मात्र ‘दोन अधिक’ (२+) इतकी होती. मधुमेहाचे निदान याच वेळी प्रथम झाले. वाढलेली कंबर, साखर, चरबी आणि रक्तदाब एकत्र येण्याला चयापचय संलक्षण म्हणतात. त्याचे पाच निकष असे आहेत : दक्षिण आशियाई पुरुषासाठी कंबर ९० सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. पाचांपैकी तीन भरले की संलक्षण म्हणतात; येथे पाचही भरत होते. आश्चर्य याचे की तीन गावच्या कागदांत प्रोस्टेटचे माप दोनदा होते, पण कंबरेचे एकदाही नव्हते.

तीन दिवसांची वही

या प्रकरणाला वळण मिळाले ते एका साध्या प्लॅस्टिकच्या मापाने. रुग्णाला तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह लिहायला सांगितले. सुरुवातीला त्यांना ते कमीपणाचे वाटले. शेवटी लिहिण्याचे काम पत्नीने अंगावर घेतले, आणि कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तीन रकाने आखून आणले : वेळ, मिली, आणि ‘काय प्याले’. तिसरा रकाना आम्ही सांगितलेला नव्हता. त्यात दिवसभरात सहा कप साखरेचा चहा होता. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी जेमतेम अर्धा लिटर, कारण वर्कशॉपच्या आवारातले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नाही. आणि सात ते साडेदहा या वेळात पाणी, ताक आणि जेवणातला पातळ रस्सा धरून दीड लिटरच्या आसपास.

एका प्रातिनिधिक दिवसाचे आकडे असे होते. चोवीस तासांत २,६५० मिलिलिटर. त्यांपैकी झोपायला गेल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत १,२१० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४६ टक्के. पासष्टीपुढील माणसात रात्रीचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक आणि तरुणात एकपंचमांशाहून अधिक झाला तर रात्री मूत्र जास्त तयार होते असे म्हणतात. छप्पन्नाव्या वर्षी कोणताही निकष लावला तरी हा आकडा वरच राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवसाची लघवी आठ वेळा मिळून १,४४० मिलिलिटर, दर वेळी सरासरी १८०. आणि रात्रीची चार वेळा अधिक सकाळची एक मिळून दर वेळी सरासरी २४२. मूत्राशय आकसला असता किंवा अडथळ्यामुळे नीट रिकामा होत नसता, तर रात्री थोडी थोडी लघवी वारंवार झाली असती. येथे माणूस रात्री उठत होता तो मूत्राशय खरोखर भरत होता म्हणून. मूत्रपिंडे रात्रपाळी करत होती, आणि त्यांचे काम प्रोस्टेटवरच्या गोळीने कमी होण्यासारखे नव्हते. टॅम्सुलोसिनने धार सुधारली पण झोप नाही, याचा अर्थ आता लागला.

रात्री इतके मूत्र का तयार होत होते

एकच कारण पुढे करणे सोपे असले तरी या रुग्णात किमान चार कारणे एकमेकांत गुंतलेली होती. पहिले साखरेचे. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाची ती परत शोषून घेण्याची क्षमता संपते, साखर मूत्रात उतरते आणि पाणी सोबत ओढून नेते. रात्री साडेदहाला भात जेवून झोपणाऱ्याची साखर ही मर्यादा नेमकी मध्यरात्रीच्या सुमारास ओलांडते. दुसरे पायांवरच्या सुजेचे : दिवसभर पायांत साठलेले पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. सुजेला उभ्याचे काम कारण होते, मीठ होते, आणि अॅम्लोडिपीनही होते. १० मिलिग्रॅमच्या मात्रेला घोटे सुजणे हा त्या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. रक्तदाबाची गोळी आणि रात्रीची लघवी यांचा संबंध रुग्ण जोडत नाही हे समजण्यासारखे आहे, पण गोळी वाढवणाऱ्याने घोटे पाहायला हवेत.

तिसरे कारण पत्नीने सांगितले. “यांचं घोरणं तर विचारूच नका, मध्येच श्वास अडकल्यासारखं होतंय नि दचकून उठतात, उठले की मग लघवीला जातात.” घरी करता येणाऱ्या झोपेच्या चाचणीत तासाला २८ वेळा श्वास थांबल्याचे किंवा मंदावल्याचे दिसले, म्हणजे मध्यम स्वरूपाचा निद्राश्वसनरोध. घसा मिटलेला असताना छाती हवा ओढण्यासाठी जोर करते, त्यामुळे छातीतला दाब घटतो, हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, वरचे कप्पे ताणले जातात आणि त्यांतून एक संप्रेरक स्रवते जे मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. अशा माणसाला आपण लघवीसाठी जागे झालो असे वाटते. पुष्कळदा तो श्वासासाठी जागा झालेला असतो. चौथे कारण वहीच्या तिसऱ्या रकान्यात होते, त्याचा विस्तार करण्याची गरज नाही.

मग प्रोस्टेटचा आणि चयापचयाचा थेट संबंध नाही काय? आहे. स्वीडनमध्ये हामारस्टेन आणि हॉग्स्टेड यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत लठ्ठपणा, मधुमेह आणि इन्सुलिनची उंचावलेली पातळी असणाऱ्या पुरुषांत ग्रंथी अधिक वेगाने वाढत असल्याचे दिसले. इन्सुलिन आणि त्याचे सगोत्र वाढघटक ग्रंथीच्या पेशींना वाढीचा इशारा देतात; इन्सुलिनमुळे सहानुकंपी (शरीराला सावध ठेवणाऱ्या) मज्जासंस्थेचा ताण वाढून मूत्राशयाच्या मानेचे स्नायू आवळले जातात; पोटातल्या चरबीतून होणारा मंद दाह ग्रंथीतही उतरतो; आणि ओटीपोटातल्या धमन्या अरुंद झाल्या की मूत्राशयाच्या स्नायूला रक्त कमी पडते. जुन्या मधुमेहात मूत्राशयाची संवेदनाच बोथट होते, हा आणखी वेगळा मार्ग. तरीही २०१५ मध्ये गॅची आणि सहकाऱ्यांनी आठ अभ्यासांतल्या ५,४०३ पुरुषांची माहिती एकत्र केली तेव्हा संलक्षण असणाऱ्यांची ग्रंथी सरासरी १.८ मिलिलिटरने मोठी निघाली, पण लक्षणांच्या गुणांत फरक आढळला नाही. याचा अर्थ संबंध खोटा असा आम्ही घेत नाही. १.८ मिलिलिटरच्या वाढीने कोणाची झोप मोडत नाही. झोप मोडते ती रात्री साठणाऱ्या लिटरभर मूत्राने, आणि ते गुणपत्रिकेच्या सातांपैकी एकाच प्रश्नात डोकावते.

उपचारांचा क्रम

येथे जाणीवपूर्वक एक निर्णय घेतला : पहिले तीन महिने प्रोस्टेटचे औषध द्यायचे नाही. अवशिष्ट (लघवीनंतर उरलेले) मूत्र ७० मिलिलिटर, मूत्रपिंड उत्तम, संसर्ग नाही, त्यामुळे थांबण्यात धोका नव्हता. आणि दोन्ही उपचार एकदम सुरू केले असते तर कोणाचा गुण कोणता हे कधीच कळले नसते. लघवी अडू लागली, ताप आला किंवा रक्त दिसले तर त्याच दिवशी यायचे, हे पत्नीसमोर बजावले. सर्दी झाल्यास दुकानातून परस्पर सर्दीची गोळी घ्यायची नाही हेही सांगितले, कारण त्यांतली काही औषधे वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी एका रात्रीत बंद पाडतात.

अॅम्लोडिपीन थांबवून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम दिले. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन हळूहळू वाढवत दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमपर्यंत नेले, कोलेस्टेरॉलसाठी अॅटॉर्व्हास्टॅटिन जोडले. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली मधुमेहाची औषधे मूत्रपिंडासाठी आणि हृदयासाठी चांगली आणि आता स्वस्तही आहेत, पण त्यांचे कामच साखर लघवीवाटे काढण्याचे. लघवीच्या फेऱ्यांनी त्रासलेल्या आणि मूत्राशयात मूत्र शिल्लक राहणाऱ्या या रुग्णात ती तूर्त बाजूला ठेवली.

आहाराच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ मिठावर गेला. २०१७ मध्ये नागासाकीच्या मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या परिषदेत मांडलेल्या अभ्यासात ज्यांचे रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आले त्यांचे रात्री उठणे सरासरी २.३ वरून १.४ वेळांवर आले, आणि ज्यांचे मीठ वाढले त्यांचे उठणेही वाढले. आमच्या रुग्णाच्या घरी भाकरीशी चटणी, लोणचे, सुकी मासळी आणि पापड हे रोजचेच. सगळे बंद करा म्हटले असते तर काहीच बंद झाले नसते. म्हणून रात्रीच्या ताटातून लोणचे, पापड आणि मासळी उठवली आणि ती दुपारी, तीही एका वेळी एकच, ठेवली. जेवण साडेआठला, भात निम्मा, ज्वारीची भाकरी कायम. पाण्याचा मोठा वाटा दुपारी चारपर्यंत संपवायचा, यासाठी शेजारच्या कारखान्यातले स्वच्छतागृह वापरण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली; एवढी साधी अडचण कोणत्याही कागदावर नव्हती. घरी आल्यावर तासभर पाय उंचावर ठेवून पडायचे, म्हणजे सुजेचे पाणी झोपण्याआधीच निघून जाते. सकाळी पाऊण तास झपझप चालणे ठरले. पावसामुळे ते ऑगस्टभर होऊ शकले नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या श्वासाच्या यंत्राची किंमत ऐकून घरात बराच खल झाला. यंत्र आणले गेले, पण मास्क नाकावर टोचतो म्हणून वापर आठवड्यातून तीन-चार रात्रींचाच राहिला.

तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी

ऑक्टोबरमध्ये वजन ८० किलो, कंबर ९९ सेंटिमीटर, एचबीए१सी ६.९, रक्तदाब १३२/८४ आणि घोट्यांवर सूज नव्हती. वहीत चोवीस तासांची लघवी २,१०० मिलिलिटर आणि त्यांतली रात्रीची ६९०, म्हणजे ३३ टक्के. रात्री उठणे चारवरून दोनवर आले, गुण १७ वरून १३ झाले. धारेचा कमाल वेग मात्र ११.६ होता आणि प्रोस्टेट ३७ ग्रॅम. दोन्ही फरक मोजमापाच्या चुकीत मावणारे. धार, जोर, शिल्लक राहिल्याची भावना यांचे गुण जागचे हलले नव्हते. म्हणजे चयापचयाच्या उपचाराने जे बदलायचे ते बदलले होते, आणि जे अडथळ्याचे होते ते तसेच उभे होते. वजन उतरले की प्रोस्टेट लहान होईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर या आकड्यांत त्याला आधार मिळत नाही; तीन महिन्यांत तशी अपेक्षा धरणेही रास्त नव्हे.

आता टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम पुन्हा सुरू केले. पूर्वी ते सकाळी उपाशीपोटी, अॅम्लोडिपीनबरोबर घेतले जात होते. उपाशीपोटी या औषधाचे शोषण वाढते आणि रक्तदाब अधिक उतरतो. म्हणून ते रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने द्यायचे ठरले. अंधारी पुन्हा आली नाही. वीर्य बाहेर कमी पडू शकते हे आधीच सांगितले, तेव्हा पत्नी बाहेर असताना त्यांनी लैंगिक ताठरता कमी झाल्याची तक्रारही काढली, जी वर्षभर होती आणि जिचे मूळ बहुधा याच साखरेत आणि धमन्यांत आहे. ती कोणी विचारली नव्हती, म्हणून त्यांनी सांगितली नव्हती.

जानेवारीत गुण ८ होते, धारेचा वेग १४.१, अवशिष्ट मूत्र ४० मिलिलिटर, एचबीए१सी ६.६, वजन ७८.५ किलो. रात्री उठणे मात्र दोनच राहिले. थंडीत घाम नसतो आणि लघवी वाढते, हे त्याचे एक कारण. दुसरे आम्हाला यंत्राच्या वापरात दिसते, कारण पत्नीच्या सांगण्यानुसार मास्क लावून झोपलेल्या रात्री ते एकदाच उठतात. ग्रंथी लहान करणारे फिनास्टेराइड द्यायचे का, हा प्रश्न त्यांनीच विचारला. ३७ ग्रॅमच्या ग्रंथीत, १.८ पीएसए असताना आणि टॅम्सुलोसिनचा गुण येत असताना, ताठरतेची तक्रार असलेल्या माणसाला ते आज देण्याची घाई नाही असे आमचे मत आहे. मेमध्ये सोनोग्राफी, धारेची चाचणी आणि तीन दिवसांची वही पुन्हा करायची ठरले असून, त्याआधी मास्कचे माप बदलून पाहण्यासाठी त्यांना पुढच्या आठवड्यात यंत्रासह बोलावले आहे.